चादरीवरची बाई

माझ्या मुलीच्या लग्नात चौरंगावर तिच्या आईच्या जागी एक परकी बाई बसली होती, आणि ती मीच आणून बसवली होती.

हे वाक्य वाचून तुमच्या मनात जे आलं ते आधी काढून टाका. तसलं काही नव्हतं. मी सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एका चादरीच्या कारखान्यात डिझाईन मास्तर होतो. वय शेहेचाळीस. नाकावर नुकतीच चाळिशी चढलेली (तीही सहा वर्षं उशिरा, कारण मास्तरला दिसत नाही हे मालकाला कळू द्यायचं नव्हतं). घरात लग्नाची मुलगी कुसुम, आणि भिंतीवर एक रिकामा खिळा. त्या खिळ्यावर शांताचा, म्हणजे माझ्या बायकोचा, फोटो लावायचा होता. ती तीन दिवसांच्या तापानं गेली त्याला दोन वर्षं झाली होती. खिळा मी तेराव्यालाच ठोकून ठेवला होता. फोटोचं तेवढं जमत नव्हतं.

तसे फोटो दोन होते. एक आमच्या लग्नातला. त्यात मी छाती काढून बसलोय, आणि शेजारी शांतानं मान इतकी खाली घातलीय की नुसता भांग दिसतो आणि मुंडावळ्या. फोटोवाला म्हणाला होता, "वहिनी, जरा वर बघा की." तर मागनं माझी आई म्हणाली, "काही नको वर बघायला." झालं, आयुष्यभरासाठी भांगाचा फोटो निघाला. दुसरा फोटो कारखान्यातल्या पूजेचा. साठ माणसं, तीन रांगा. सगळे नाकासमोर बघतायत, आणि शांता नेमकी त्याच घटकेला मागं वळून कुणाला तरी काहीतरी सांगतेय. दिसतो तो तिचा कान आणि अंबाडा.

मी तो फोटो मोठा करायला स्टुडिओत दिला. स्टुडिओवाला भिंगातून बराच वेळ बघत बसला.

"मास्तर, तोंड तुरीच्या डाळीएवढं हाय. त्यातबी अर्धं पलीकडं. मोठं केलं तर कान मोठा हुईल."

"मग?"

"मग काय, कानाला हार घालाल का?"

मी फोटो घेऊन घरी आलो. कुसुमचं लग्न पुण्याला ठरत होतं, आणि तिनं माझ्याकडं एकच गोष्ट मागितली होती. म्हणाली, "अण्णा, मला दुसरं काही नको. अक्षता पडायच्या आधी आईच्या पाया पडून उभी राहीन. चौरंगावर आईचा फोटो तेवढा ठेवा." मी म्हटलं, "ठेवतो की. त्यात काय."

खरं सांगायचं तर नुसता फोटो नव्हता असं नाही. मला शांताचा चेहराच आठवत नव्हता. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आवाज आठवायचा, बांगड्या आठवायच्या, डाव्या गालावर तीळ होता तो आठवायचा. पण डोळे मिटले की तिळाभोवती काहीच यायचं नाही. वीस वर्षांचा संसार केलेल्या माणसाची ही अवस्था. मला माझीच लाज वाटायची.

असं का झालं तेही मला पक्कं ठाऊक होतं. रोज संध्याकाळी साडेसातला मी जेवायला बसायचो आणि शांता समोर बसून दिवसभराच्या बातम्या द्यायची. "आज नळ पाऊणच तास होता. शेजारच्या नरसव्वाच्या जावेला मुलगी झाली, तिसरी, पण सासू हसली म्हणे. कोपऱ्यावरच्या गिरणीवाल्यानं ज्वारी बदलली, मी मूठ ओळखते माझी, परत आणली." आणि मी ताटाशेजारी ग्राफचा कागद पसरून मोराच्या पिसाऱ्याचे चौकोन मोजायचो. मधनंच "हं" म्हणायचो. ती विचारायची, "ऐकताय ना?" मी म्हणायचो, "ऐकतोय." ते खरं होतं, मी ऐकत होतो. बघत मात्र नव्हतो. बायको काय, समोरच आहे, कधीही बघता येईल, असं वाटायचं मला.

आता टेलिव्हिजनकडं येतो. त्या वेळी सोलापुरात टेलिव्हिजन नव्हता. नव्हता म्हणजे अजिबातच नव्हता. पुण्यात मात्र मुंबईचं चित्र दिसायला लागलं होतं, आणि आमचे होणारे व्याही आप्पासाहेब यांच्या बैठकीत तो होता. लाकडी पेटी, तिला दोन्ही बाजूंनी सरकणारी दारं, आणि वर भरतकाम केलेला रुमाल. मी पहिल्यांदा बोलणी करायला गेलो तेव्हा आमचं देण्याघेण्याचं, मानपानाचं सगळं बोलणं चाललं होतं. एकदम विहीणबाई उठल्या, त्यांनी ती दारं सरकवली आणि म्हणाल्या, "साडेसात झाले. आता बातम्या."

पेटीत आधी पांढरा उजेड आला, मग मुंग्या आल्या, मग एक बाई आली. गोरीपान, मोठा अंबाडा, गळ्यात मोत्यांची एकसरी माळ. तिनं सरळ माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "नमस्कार."

मी उभा राहिलो, हात जोडले आणि म्हणालो, "नमस्कार. मी सोलापूरचा."

नवरामुलगा सुधाकर खिडकीबाहेर बघायला लागला. आप्पासाहेब खाकरले आणि म्हणाले, "बसा मास्तर. त्यांना ऐकू येत नाही." मी बसलो. कान तापले होते. पण मी त्या पेटीवरची नजर काढली नाही. ती बाई मान खाली घालून कागद वाचत होती, मधनंच वर बघत होती. कुठं पाणी कमी पडलं, कुठं पूल झाला, कोण कुणाला काय म्हणालं. साडेसात वाजता एक बाई माझ्यासमोर बसून मला दिवसभराचं सांगत होती. दोन वर्षांत मला कुणी काही सांगितलं नव्हतं. कुसुम बिचारी मला काही बोलून त्रास नको म्हणून गप्प असायची, आणि कारखान्यात मागांच्या खडखडाटात माणसं खुणेनंच बोलतात. मला एकदम रडू आलं. मी चष्मा पुसायच्या निमित्तानं डोळे पुसले. चष्मा घालून पुन्हा बघितलं तर ती म्हणाली, "बातम्या संपल्या," आणि गेली.

गेली ती गेली, पण मी पेटीजवळ गेलो. काचेला नाक लावून बघितलं. दुसरा कुठला तरी शेतीचा कार्यक्रम लागला होता, पण मला शेती दिसतच नव्हती. मला रेघा दिसत होत्या! सगळं चित्र आडव्या रेघांचं. एक रेघ, तिच्याखाली दुसरी, कुठं उजेड, कुठं अंधार. आमच्या जकार्ड मागावर तरी दुसरं काय असतं? डिझाईनचे चौकोन मोजून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडायची, एक पत्ता म्हणजे एक आडवी रेघ, आणि पत्त्यामागून पत्ता फिरत गेला की रेघेखाली रेघ बसून मोर तयार होतो. पंचवीस वर्षं मी हेच करत आलो होतो. अलीकडं मालक म्हणायचे, "मास्तर, मोर जुना झाला, कमळ जुना झाला, तुम्हीबी जुने झाले." आणि मला ते पटायलाही लागलं होतं. त्या संध्याकाळी पुण्यात, व्याह्यांच्या बैठकीत, चार पाहुण्यांसमोर काचेला नाक लावून मी ओरडलो, "आप्पासाहेब, हे तर आमचं जकार्ड आहे!"

"असेल, असेल," आप्पासाहेब म्हणाले. त्यांनी बायकोकडं बघितलं. पण लग्न मोडलं नाही, ते लोक मुळातच चांगले होते.

त्यानंतर मी दर पंधरा दिवसांनी पुण्याला जायला लागलो. वधूपित्याला कामं असतात, त्यामुळं निमित्तं मिळायची. एकदा मुहूर्त नक्की करायला गेलो. एकदा सुधाकरच्या बुटाचं माप घ्यायला गेलो. एकदा त्यांच्याकडच्या मंडळींना कडक भाकरी चालते की मऊ लागते, हे विचारायला सहा तास प्रवास केला. आप्पासाहेब म्हणाले, "मास्तर, कार्ड टाकलं असतं तरी चाललं असतं हो." मी म्हटलं, "छे छे, भाकरीचं समक्ष विचारलेलं बरं." आणि दर वेळी बरोब्बर सव्वासातला दारात. विहीणबाई मैत्रिणींना सांगायच्या म्हणे, मुलीचा बाप असावा तर असा, बारीकसारीक गोष्टीला स्वतः येतो.

मी त्या बाईच्या प्रेमात वगैरे पडलो होतो का? तुम्हाला तेच विचारायचंय, मला माहिताय. नाही. मला तिचं नावही आठवत नाही. ती बोलायला लागली की मला शांताचे शब्द आठवायचे, एवढंच. ती पुलाचं सांगायची आणि माझ्या कानात नळ पाऊण तास यायचा. बसल्याजागी मी मनाशी "हं" म्हणायचो. आणि ह्या खेपेला मी बघत होतो. डोळ्यांत तेल घालून बघत होतो.

अशा एका खेपेनंतर, परतीच्या गाडीत, मला शांताचा चेहरा दिसला. अगदी स्वच्छ. कपाळ, नाक, हनुवटी, खाली झुकलेल्या पापण्या. दोन वर्षांनी! मी डब्यातच ठरवलं, फोटो नसला तर नसला, आपण तिला विणायची. चादरीवर मोर येतो तर शांता का येणार नाही?

मालकांना सांगितलं तर ते डोळे मोठे करून बघायला लागले. "मास्तर, माणसाचं तोंड? चादरीवर? लोक अंगावर घेतील का तोंड?" मी म्हटलं, "विकायची नाही. घरची आहे." शांतानं त्यांच्या आईच्या आजारपणात महिनाभर डबा दिला होता, ते त्यांना आठवलं असावं. म्हणाले, "काढा. पण पत्ते चढवतोच तर एक नको काढू. जोडी काढा. एकटी चादर बरी दिसत नाय."

सुट्टीच्या दिवशी कारखान्यात बसून मी डिझाईन काढलं. कुसुमला कळू दिलं नाही. रंग पांढरा आणि काळपट चॉकलेटी घेतला (पुरा काळा लग्नात चालला नसता). डोळे मिटायचे, शांता दिसायची, डोळे उघडून चौकोन भरायचे. हात कसा चालत होता, काय सांगू. डोळे मी खाली झुकलेलेच ठेवले, कारण उघडे डोळे विणायला गेलं की बुबुळ चौकोनी होतं आणि माणूस दचकल्यासारखा दिसतो. गळ्यात एक मोत्यांची माळ घातली. शांताला मोती कधी घेतले नव्हते. आता घालायला काय हरकत आहे, असं मनात आलं, आणि आपण किती प्रेमळ आहोत म्हणून मलाच भरून आलं. शेवटी डाव्या गालावर तीळ दिला.

चादर मागावरून उतरली तेव्हा मी मागाजवळच खाली बसलो आणि रडलो. दोन हात उंच चेहरा. जन्मभर कुणासमोर तोंड वर न केलेली बाई, आता भिंतभर झाली होती. मागावरची माणसं माग थांबवून आली. म्हणाली, "वैनी हुबेहूब." एकानं तर हात जोडले.

दाखवायची राहिली होती ती नरसव्वाला. नरसव्वा आमची शेजारीण, तेलुगू, वीस वर्षं शांताच्या शेजारी बसून विड्या वळलेली. लग्नाच्या आदल्या दिवशी मी तिला घडी उलगडून दाखवली. ती चादरीच्या ह्या टोकाला गेली, त्या टोकाला गेली.

"मास्तर, तीळ हिकडं न्हवता की. तिकडच्या गालाला हुता."

मी बघितलं. खरंच तीळ उजव्या गालावर आला होता. आमच्या मागावर चादरीची सुलटी बाजू खाली विणली जाते, म्हणून डिझाईन उलटं काढायचं असतं. हे पहिल्या महिन्यात शिकवतात. पंचवीस वर्षांत न चुकलेली गोष्ट मी बायकोच्या तोंडावर चुकलो होतो.

"आणि ही माळ कवा घेतली?"

"आता घेतली," मी म्हटलं.

नरसव्वानं पदर डोळ्याला लावला. म्हणाली, "बरी दिसतीया. जरा गोरी झालीया, पण बरी दिसतीया." मेलेलं माणूस आठवणीत गोरं होतंच, असं मी धरून चाललो.

लग्नाच्या दिवशी सोलापुरातल्याच कार्यालयात चौरंगामागं बांबू बांधला, त्यावर चादर टांगली आणि तिचं खालचं टोक चौरंगावर सोडलं. हार घातला, समोर कुंकवाचं ताट ठेवलं, उदबत्ती लावली. आमच्याकडची माणसं येत होती, पाया पडत होती, बायका डोळे पुसत होत्या. कुसुम आत गौरीहर पुजत बसली होती. तिला मी मुद्दामच अजून दाखवलं नव्हतं. मला वाटत होतं, ती बाहेर येईल, आईला बघेल, आणि बाप निदान एका कामाचा आहे असं तिला वाटेल.

तेवढ्यात पुण्याची मंडळी आली. विहीणबाई पुढं होत्या. पाय धुऊन, ओटी घेऊन त्या चौरंगाशी आल्या, हात जोडले, मान वर केली आणि तशाच थांबल्या.

"अगंबाई," त्या म्हणाल्या. "ह्या इथं कशा?"

"शांता. आमची मंडळी," मी म्हटलं.

"मास्तर, ह्या साडेसातच्या आहेत."

मला काही कळलं नाही. विहीणबाईंनी मागं वळून हाक मारली, "अहो, जरा इकडे या. ह्या कोण ते सांगा." आप्पासाहेब आले, बघितलं आणि सवयीनं म्हणाले, "बातम्या सुरू झाल्या?" मग पुण्याची एकेक माणसं जमायला लागली. "हो हो, त्याच." "अंबाडा बघा ना." "मोत्यांची माळ, तीच." "मान खाली आहे, कागद वाचताहेत." एक म्हातारे गृहस्थ पुढं आले आणि त्यांनी चादरीला आदरानं नमस्कार केला.

आमच्याकडच्यांना टेलिव्हिजन म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. त्यांना एवढंच कळलं, की पुण्याचे लोक वहिनींना दुसरीच कुणीतरी म्हणतायत. कारखान्यातली माणसं बाह्या सारायला लागली. नरसव्वा मधे घुसली.

"कोन बातम्याची? ही शांता हाय आमची. वीस वर्सं शेजारी बसलीया मी हिच्या. तुमी हिला बघितलं कुटं?"

"रोज बघतो हो बाई, साडेसातला."

"ती मेलीया दोन वर्सं झाली!"

"अहो, परवाच तर होत्या," आप्पासाहेब म्हणाले.

आता दोन्हीकडची माणसं एकदम बोलायला लागली. भटजी म्हणाले, मुहूर्ताला बारा मिनिटं आहेत. सुधाकर मुंडावळ्या बांधून पुन्हा एकदा खिडकी शोधत होता. आणि त्या गोंधळात विहीणबाई हळूच माझ्याकडं वळल्या. आवाज अजिबात चढवला नाही. म्हणाल्या, "मास्तर, म्हणून तुम्ही दर पंधरा दिवसांनी सव्वासातला येत होतात?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आमच्याकडचेही, त्यांच्याकडचेही. मी चादरीकडं बघितलं, आणि पहिल्यांदा मला ती दिसली. ती साडेसातचीच होती. कपाळ तिचं, नाक तिचं, हनुवटी तिची. माझ्या बायकोचा त्यात फक्त तीळ होता, तोही चुकीच्या गालावर. आणि मी ह्या बाईपुढं बसून रडलो होतो. कुसुमनं जन्मात एक गोष्ट मागितली होती, आणि मी तिच्यासाठी भलत्याच बाईला दोन हात उंच करून आणलं होतं.

मी म्हटलं, "विहीणबाई, मला शांताचा चेहरा आठवत नाही. वीस वर्षं ती समोर बसून बोलायची आणि मी ताटाकडं बघायचो. तुमच्या टेलिव्हिजनवरच्या बाई बोलायच्या तेव्हा मला तिचं बोलणं आठवायचं, म्हणून मी यायचो. मला वाटलं चेहराही तिचाच आठवला. नाही आठवला. चुकलं माझं." मागं बघितलं तर गौरीहराच्या खोलीच्या दारात कुसुम उभी होती. पिवळी साडी, मुंडावळ्या, हातात तांदूळ. तिनं सगळं ऐकलं होतं.

ती पुढं आली. मला वाटलं रडेल, नाहीतर आत निघून जाईल. ती चादरीपाशी जाऊन उभी राहिली आणि बराच वेळ तिच्याकडं बघत राहिली. आईच्या ऐवजी कुणीतरी आहे हे तिला दिसत होतं, तिच्या चेहऱ्यावरनं मला ते कळत होतं. मग वाऱ्यानं चादरीचं टोक जरासं उलटलं. कुसुम वाकली आणि तिनं मागनं बघितलं.

"अण्णा," ती म्हणाली, "हार काढा."

मी हार काढला. तिनं बांबूवरची चादर ओढली आणि उलटी करून टाकली.

सोलापुरी चादरीला दोन बाजू असतात हे तुम्हाला ठाऊकच आहे. इकडं जिथं पांढरं, तिकडं तिथं रंग. जन्मभर मी तेच विणलं, पण चेहऱ्याचं काय होईल हा विचारच केला नव्हता. उलट्या बाजूला ती गोरीपान बाई सावळी झाली होती, शांतासारखी. तीळ पांढरा झाला होता खरा, पण डाव्या गालावर गेला होता, जिथं असायला हवा होता तिथं. गळ्यातले पांढरे मोती काळपट झाले होते. आता ती माळ मोत्यांची वाटत नव्हती, काळ्या मण्यांची पोत दिसत होती, शांताच्या गळ्यात असायची तशी. आणि केस सगळे पांढरे झाले होते.

नरसव्वा मटकन खाली बसली. म्हणाली, "आता आली बघा."

कुसुमनं ताटातलं कुंकू बोटावर घेतलं आणि चादरीवरच्या कपाळाला लावलं. मग चौरंगावर डोकं ठेवलं. उठली तेव्हा रडत होती. म्हणाली, "म्हातारी झालेली आई बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं मला." विहीणबाईंनी तिला जवळ घेतलं आणि त्याही रडायला लागल्या, आणि मग आप्पासाहेबांनी भटजींना हातानं खूण केली, की मुहूर्त दोन मिनिटं थांबतो. मी हातात हार घेऊन तिथंच उभा होतो. कुणाला घालायचा तेच सुचत नव्हतं. शेवटी नरसव्वा म्हणाली, "घाला की मास्तर, बायकूच हाय तुमची." तेव्हा घातला.

जोडीतली ती चादर कुसुम पुण्याला घेऊन गेली. तिच्या सासरी पुढं पाव्हण्यांना दोन्ही बाजू दाखवायची पद्धतच पडली. एका बाजूला बातम्यांच्या बाई, दुसऱ्या बाजूला त्यांच्या विहीणबाई, म्हणजे शांता. लोक म्हणे बातम्यांच्या बाजूला जास्त वेळ थांबतात.

दुसरी माझ्याकडं आहे. पुढं सोलापुरातही टेलिव्हिजन आला, पण माझं संध्याकाळी साडेसातचं वेगळं असतं. भिंतीवरच्या त्या खिळ्याला मी चादर अडकवतो, सावळी बाजू वर करून, आणि तिच्यासमोर ताट घेऊन बसतो. ग्राफचा कागद नाही, काही नाही. तिच्या तोंडाकडं बघत जेवतो, आणि एकेक बातमी देतो. नळ आज अर्धाच तास होता. नरसव्वाचे गुडघे धरलेत. कुसुमला दिवस गेलेत, तिनं पत्रात लिहिलंय. मी सगळं सांगतो, अगदी बारीकसारीक. मधनं विचारतो, "ऐकतेस ना?" पण डोळे मीच खाली झुकलेले विणलेत, ते काही वर होत नाहीत. एकदाही माझ्याकडं बघत नाही ती. ताटाकडं बघते.